मोरसला निघालेल्या लेकीस

इचलकरंजी,
रविवार, रात्री

चि. सायली हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, तुम्ही तिथं तीन वर्षं काढलीत, तर देश कसा आहे ते नीट सांगा की." मी घरभाडं आणि पाऊस एवढंच सांगून मोकळा झालो. फोन ठेवल्यावर चुटपुट लागली, म्हणून लिहायला बसलोय. सावकाश वाच.

माझी आजी पांढऱ्या साखरेला 'मोरस' म्हणायची. घरात गूळच असायचा. मोरस साखर डब्यात वेगळी, पाहुण्यांच्या चहापुरती. मोरस म्हणजे मॉरिशस हे मला कळलं १९९२ साली, कापड गिरणीतल्या नोकरीचे कागद हातात आल्यावर. गुळाच्या मुलखात साखरेला एका दूरच्या बेटाचं नाव पडावं, आणि त्या बेटावर ऊस पिकवायला आपल्याच बाजूची माणसं बोटीत घालून नेलेली असावीत! आजी गेली तोवर तिला यातलं काही ठाऊक नव्हतं.

तर बेट. मुख्य बेटाचं क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या साधारण चौथा हिस्सा. वस्ती साडेबारा लाखांच्या आसपास. पूर्वेला ५६० किलोमीटरवर रॉड्रिग्स नावाचं छोटं बेट आहे, तेही याच देशाचं. आफ्रिकेचा किनारा तिथून दोन हजार किलोमीटरवर. नकाशात हा देश म्हणजे निळ्यावर सांडलेला शाईचा ठिपका.

पण उतरशील तेव्हा आधी दगड बघ. काळा, भोकाभोकांचा. पहिल्या आठवड्यात मला तो पन्हाळ्याच्या कड्यासारखा वाटला, आणि तो नुसता भास नव्हता. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्त जागेवरून आपलं दख्खनचं पठार ओतलं गेलं, तीच जागा भूखंड वर सरकत गेल्यावर समुद्राखाली मागे राहिली आणि ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी तिनंच हे बेट वर काढलं. आज ती शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून पेटतो. मॉरिशसचा विझलाय. क्युरपिप गावात त्याचं एक मोठं विवर आहे, काठावर उभं राहिलं की आत झाडीच झाडी. सह्याद्री आणि हे डोंगर एकाच चुलीवरचे आहेत. डोंगर उंच म्हणशील तर नाहीत, सर्वांत मोठा ८२८ मीटर. पण समुद्रातून एकदम उठतात म्हणून भव्य दिसतात.

उसाच्या फडात तुला या काळ्या दगडांचे ढीग दिसतील, काही घराएवढे. मजुरांनी एकेक दगड हातानं वेचून ते रचलेत, त्याशिवाय ऊस लावायला माती मोकळी होत नव्हती. कुणी कौतुकानं त्यांना पिरॅमिड म्हणतं. मला मात्र ते ढीग बघताना प्रत्येक वेळी कुणाच्या तरी पाठीचा कणा आठवायचा.

हवा आपल्या उलट. जून ते सप्टेंबर थंडी, नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा आणि पाऊस. वर्षातला बहुतेक काळ दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. सावलीवरून दिशा ओळखायची सवय मोडायला मला महिना लागला. पावसाचं म्हणशील तर पश्चिम किनारा कोरडा आणि मधलं पठार भिजलेलं. एका तासात तू उन्हातून धुक्यात जाशील. क्युरपिप, वाक्वा या भागात राहणार असशील तर स्वेटर आणि छत्री दोन्ही ने.

आणि चक्रीवादळ. त्याचे इशारे चार श्रेणींत देतात. तिसरी लागली की सगळं बंद, घरात बसायचं. हे थट्टेवारी नेऊ नकोस. १० फेब्रुवारी १९९४ ला हॉलंडा नावाचं वादळ आलं तेव्हा मी वाक्व्यात भाड्याच्या खोलीत होतो. रात्रभर पत्र्यांचा आवाज, आणि सकाळी बघतो तर रस्त्यात झाडं आडवी, पानं अशी ओरबाडलेली की वैशाखातलं माळरान वाटावं. वीज कित्येक दिवस नव्हती. शेजारच्या क्रिओल, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या, आजी रॉकेलच्या स्टोव्हवर भात करायच्या आणि माझ्या दारात ताटली ठेवून जायच्या. त्यांनी मला सांगितलेली एक गोष्ट ध्यानात ठेव: वारा अचानक थांबला तर दार उघडू नये. वादळाचा डोळा डोक्यावर आलेला असतो, थोड्या वेळानं वारा उलट्या बाजूनं येतो. १९६० च्या कॅरोल वादळानं इतकी घरं पाडली की पुढं सगळा देश सिमेंटच्या स्लॅबकडं वळला. घरं दिसायला साधी ठोकळ्यासारखी का, असं वाटलं तर हे आठव.

बेटाभोवती प्रवाळाची भिंत आहे. ती लाटा बाहेरच अडवते, म्हणून आतलं पाणी तळ्यासारखं शांत. जुलै २०२० मध्ये वाकाशिओ नावाचं जहाज आग्नेय बाजूला या भिंतीवर चढलं आणि ऑगस्टमध्ये हजारेक टन तेल पाण्यात सांडलं. मी इथं टीव्हीसमोर खिळून बसलो होतो. सरकारची वाट न पाहता माणसं किनाऱ्यावर आली आणि कापडाच्या लांब पिशव्यांत उसाचं पाचट भरून त्यांनी तरंगते बांध शिवले. लोकांनी त्यात घालायला आपले केस कापून दिले. आपण जे पाचट शेतात पेटवून देतो, त्यानं त्यांनी समुद्र अडवला. त्या दिवशी मी आईला म्हणालो होतो, मी राहिलो तो देश हाच.

डोडो पक्ष्याचं तुला शाळेपासून माहीत आहे. १५९८ मध्ये डच आले, त्यांच्याबरोबर उंदीर, डुकरं, माकडं आली आणि शंभर वर्षांच्या आत तो संपला. पण तिथल्या ससाण्याची गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल. १९७४ मध्ये रानात फक्त चार ससाणे उरले होते. त्यांची अंडी उबवून, पिल्लं वाढवून, रानात सोडून आज ते शेकड्यांत आहेत. गुलाबी कबूतरही असंच काठावरून ओढून आणलं. मूळचं चांगलं जंगल मात्र दोन टक्केही उरलेलं नाही, बाकी सगळं उसानं खाल्लं. ब्लॅक रिव्हर गॉर्जेसच्या राष्ट्रीय उद्यानात एका रविवारी नक्की जा.

आता माणसं, कारण मला खरं सांगायचंय ते हेच. या बेटावर मूळचं कुणीच नाही. डच येण्याआधी तिथं वस्ती नव्हती. डच १७१० मध्ये सोडून गेले, मग फ्रेंच आले, त्यांनी आफ्रिका आणि मादागास्करमधून गुलाम आणले. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं, पण फ्रेंचांची भाषा, कायदा, जमिनी तशाच राहू दिल्या. १८३५ मध्ये गुलामी उठली आणि मळेवाल्यांना नवे हात हवे झाले. ते आपल्याकडून गेले. १८३४ पासून पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत साडेचार लाखांहून जास्त माणसं गिरमिटावर, म्हणजे कराराच्या मजुरीवर, तिथं उतरली, बिहारची, तमिळ-तेलुगू मुलखातली, आणि मुंबई बंदरातून आपल्या कोकण-देशावरची. पाच वर्षांचा करार, पुरुषाला महिना पाच रुपये, एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांचा पगार कापायचे. मी जन्मभर हजेरीपुस्तकाखाली काम केलेला माणूस, मला हे वाचून झोप लागली नव्हती.

पोर्ट लुईच्या धक्क्यावर आप्रवासी घाट आहे, तिथल्या सोळा दगडी पायऱ्या चढून ही माणसं देशात आली. २००६ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. तिकडं जाशीलच. पण नैर्ऋत्येला ल मॉर्नचा डोंगर आहे, तिकडंही जा. पळालेले गुलाम त्या कड्यावर लपून राहायचे. तो २००८ मध्ये वारसास्थळ झाला. आपली माणसं घाट बघतात आणि परततात. माझ्या मते दोन्ही बघितल्याशिवाय तो देश अर्धाच दिसतो.

मराठी लोक तिथं दोन टक्क्यांच्या आत-बाहेर. घरी बोलतात क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून तिथंच घडलेली बोली. मराठी शाळेत विषय म्हणून शिकतात, मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत पुढचं शिक्षणही आहे. गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. तमिळांच्या काव्हडीला, चिनी नववर्षाला, ईदला, ख्रिसमसलाही असते. कास्काव्हेल गावात मी पहिल्यांदा गणपतीला गेलो तेव्हा आरतीचे उच्चार ऐकून क्षणभर हसू आलं. मग शेजारच्या बाईंच्या हातातली वही दिसली. आरती रोमन अक्षरांत उतरवलेली, पानं तेलकट होऊन पारदर्शक झालेली. अर्थ सगळा कळत नसताना चार पिढ्या ती म्हणत आल्या होत्या. हसलो याची लाज अजून वाटते.

दुसरी चूक त्याहून मोठी. आमच्या खात्यातले फोरमन मराठी वंशाचे होते. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "तुमचं गाव कोणतं?" म्हणाले, "वाक्वा." मी म्हटलं, "तसं नाही, मूळ गाव?" ते पुन्हा म्हणाले, "वाक्वा." मी तिसऱ्यांदा विचारलं. त्यांनी मशीन बंद केलं आणि शांतपणे म्हणाले, "माझे पणजोबा याच मातीत आहेत. तुम्हाला आणखी किती मूळ हवंय?" सायली, आपल्याकडं ओळख गावावरून सुरू होते, त्यात वाईट काही नाही. पण तिथं तो प्रश्न विचारू नकोस. 'आपली हरवलेली माणसं सापडली' अशा मायेनं गेलीस तरी ते त्यांना खालीच लेखणं होतं. ती हरवलेली नाहीत. त्यांनी एक देश उभा केलाय.

आणि तो सहज उभा राहिला नाही. १९४३ मध्ये बेल व्ह्यू आरेल इथं मळ्यातल्या मजुरांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, त्यात अंजलै कूपन ही गरोदर बाई मेली. आज तिच्या नावाचं क्रीडांगण आहे. १९६१ मध्ये जेम्स मीड नावाच्या मोठ्या अर्थशास्त्रज्ञानं लिहून ठेवलं होतं की वाढती माणसं आणि एकटी साखर, या देशाचं कठीण आहे. १९६७ च्या निवडणुकीत स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षाला चाळीस टक्क्यांहून जास्त मतं होती, कारण अल्पसंख्याकांना बहुसंख्य हिंदूंची धास्ती होती. १२ मार्च १९६८ ला झेंडा चढला तेव्हा काही आठवड्यांपूर्वीच्या दंगलीची जखम ओली होती. १२ मार्च ही तारीख गांधीजींच्या दांडीयात्रेवरून घेतली आहे. पुढं कापडाच्या गिरण्या आल्या, मग पर्यटन, बँका. माध्यमिक शिक्षण १९७७ पासून मोफत आहे. मीड यांचं भाकीत चुकलं, आणि माझी नोकरी त्या चुकलेल्या भाकितातूनच आली.

राज्यपद्धती आपल्यासारखीच, संसदीय. १९९२ पासून प्रजासत्ताक, राष्ट्रपती नामधारी, कारभार पंतप्रधानांकडं. पहिले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम, तू उतरशील तो विमानतळ त्यांच्याच नावाचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांचे चिरंजीव नवीन रामगुलाम पुन्हा निवडून आले, थेट निवडीच्या ६२ पैकी ६० जागा घेऊन. रामगुलाम आणि जगन्नाथ या दोन घराण्यांभोवतीच सत्ता फिरत आली आहे, हे मला पटत नाही, पण ते आपल्याला नवीन नाही. फौज नाही, पोलीसच सगळं बघतात. शेवटचं अपील अजून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडं जातं.

एक गोष्ट वेगळी आहे. बेटावर प्रत्येक मतदार तीन मतं देतो, कारण मतदारसंघातून तिघं निवडून येतात. शिवाय कुठल्या समाजाला कमी जागा मिळाल्या तर पडलेल्या उमेदवारांपैकी चांगली मतं मिळवणाऱ्या आठ जणांपर्यंत आत घेतात. हिशोब अजून १९७२ च्या जनगणनेवर चालतो आणि उमेदवारानं आपला समाज लिहून द्यावा लागतो. तरुण मुलं म्हणतात, आम्ही मॉरिशियन आहोत, चौकट कशाला? म्हातारे म्हणतात, त्या चौकटीनं दंगली टाळल्या. दोघांचंही मला बरोबर वाटत आलंय.

आमच्याकडं शिलाईवर एक बाई होत्या, त्यांची आई शागोस बेटांवरची. १९६८ ते १९७३ या काळात इंग्रजांनी तिथली सगळी वस्ती उठवली, त्यातल्या दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेचा लष्करी तळ हवा होता म्हणून. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानं मत दिलं की ब्रिटननं बेटं सोडावीत. मे २०२५ मध्ये बेटं मॉरिशसला देण्याच्या करारावर दोन्ही देशांच्या सह्या झाल्या तेव्हा मला त्या बाईच आठवल्या. जेवणाच्या सुट्टीत त्या आईकडून ऐकलेल्या नारळाच्या झाडांबद्दल बोलायच्या. स्वतः त्यांनी ती कधी पाहिली नव्हती.

संसदेचं काम इंग्रजीत, वर्तमानपत्रं फ्रेंचमध्ये, आणि माणसं क्रिओलमध्ये. तुझं ऑफिस एबेनला, तिथं इंग्रजी-फ्रेंचवर भागेल. तरी क्रिओल शीक. 'की मान्येर?' म्हणजे कसं काय. 'मो पे आप्रान क्रेओल' म्हणजे मी क्रिओल शिकतेय. एवढं बोललीस की भाजीवाली तुला भाव सांगता सांगता व्याकरण शिकवेल. आता तिथं मेट्रोही आहे, भारताच्या मदतीनं झालेली आणि आपल्या लार्सन अँड टुब्रोनं बांधलेली. माझ्या वेळी बसनं धक्के खात जायचो.

आई चटणीचा डबा भरतेय. मी म्हटलं, थोडाच दे, तिथं मिरची चांगली मिळते. पोर्ट लुईच्या बाजाराजवळ धोलपुरीचे गाडे असतात. हरभऱ्याच्या डाळीची, मऊ, पातळ, आपल्या पुरणपोळीची तिखट बहीण म्हण. एक मागू नकोस, जोडीच देतात, 'एन पेर' म्हणायचं. वर वालाची आमटी आणि हिरवी मिरची घालून कागदात गुंडाळून मिळते, उभ्यानंच खायची. पहिली जोडी खाल्लीस की फोन कर. आपल्याकडं तेव्हा दीड तास पुढं वाजलेले असतील, पण मी जागा असेन.

तुझे,
बाबा