काका, सेक्शन आता पातळ येतो

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, ठेव आता" म्हणून मोकळे होता. म्हणून चारचौघांत लिहिते. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील.

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला प्रॅक्टिकलमध्ये मला कण्हेरीचं पान आलं होतं. माझा सेक्शन, म्हणजे पानाचा आडवा काप, इतका जाड निघाला की मायक्रोस्कोपखाली नुसता हिरवा अंधार. परीक्षकांनी विचारलं, "भाजी चिरलीस का?" सगळे हसले. तुम्ही बेसिनपाशी बीकर विसळत होता, तुम्ही हसला नाहीत.

दुसऱ्या दिवशी लॅब झाडून झाल्यावर तुम्ही मला थांबवलं. गाजराच्या तुकड्याला उभी चीर पाडली, तिच्यात पान बसवलं, ब्लेड पाण्यात बुडवलं. "दाबू नोको वं पोरी, ओढ. कांदा नाही चिरून राह्यली तू." वीस-पंचवीस काप वॉचग्लासमधल्या पाण्यात सोडायचे आणि त्यातला जो जवळजवळ दिसतच नाही, तोच ब्रशने उचलायचा. मग सॅफ्रानिनचा लाल रंग, धुणं, ग्लिसरीनचा थेंब, आणि कव्हरस्लिप तिरकी टेकवून हळूच खाली, नाहीतर बुडबुडा आलाच. या नादात माझी शेवटची एसटी चुकली. भाऊ घ्यायला येईपर्यंत काकूंनी झुणका-भाकर वाढली, तेही राहिलंच होतं सांगायचं.

पण त्या संध्याकाळी पान आतून दिसलं. वरची अपित्वचा, म्हणजे पानाची बाहेरची त्वचा, एकपदरी नाही, दोन-तीन थरांची. तिच्याखाली खांबांसारख्या उभ्या पेशी, हरितलवकांनी गच्च. मग सैल पेशी, मधेमधे हवेच्या पोकळ्या. आणि खालच्या अंगाला खड्डे, खड्ड्यांत केस, केसांआड पर्णरंध्रं, पानाची श्वास घ्यायची बारीक छिद्रं. मे महिन्याच्या आमच्या उन्हात अंगणातली कण्हेर हिरवी कशी राहते, ते तिथं दिसत होतं. गरम वारा त्या रंध्रांपर्यंत थेट पोचतच नाही. तुम्ही म्हणालात, "खिडकीले पडदा लावला म्हण ना तिनं." आणि लगेच, "हात धू पह्यले, चीक इखारी हाय."

मग मला नादच लागला. पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, पानातले काळे ठिपके म्हणजे रोग नव्हे, गॉसिपॉल या कपाशीतल्या विषारी द्रव्याच्या ग्रंथी, सरकीतही त्याच. हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते फक्त "हं" म्हणाले. ज्वारीच्या पानावर मात्र त्यांनी मान हलवली. ज्वारीत प्रत्येक शिरेभोवती मोठ्या हिरव्या पेशींचं कडं असतं. त्याला क्रान्झ म्हणतात, जर्मनमध्ये क्रान्झ म्हणजे फुलापानांचं कडं. या रचनेमुळे ज्वारी थोड्या पाण्यात जास्त अन्न तयार करते. वरच्या त्वचेत फुगीर, बिनरंगी पेशी असतात. पाण्याचा ताण पडला की त्या आकसतात आणि पानाची सुरळी होते. पाऊस लांबला की बाबा धुऱ्यावर उभे राहून "सुरळी धरली" म्हणायचे, ते हेच.

आता मीच शाळेत शिकवते. गाजर मिळालं नाही तर बटाटा चालवते. तुम्ही दिलेला, निम्मे केस झडलेला ब्रश अजून वापरात आहे. दिवाळीत घरी येईन, कण्हेरीचं पान आणि ब्लेड घेऊन. मी अजून दाबते का, ते तुम्हीच बघा.

तुमची,
भाजी चिरणारी विद्यार्थिनी