कुलगुरू, मग नगराध्यक्ष

चि. रेवती हिस,
अनेक आशीर्वाद.

राष्ट्रीय सेवा योजनेचा चार्ज तुझ्या गळ्यात पडला, त्याचा राग फोनवर ऐकला. पीएचडी करून गावात शोषखड्डे खणायचे का, हा तुझा सवाल. चार्ज घे की नको, हे मी सांगणार नाही. पण "प्राध्यापकाने प्राध्यापकासारखं राहावं" असं म्हणालीस, ते मला पटलं नाही. आपल्याच लातुरात राहून असं म्हणतेस म्हणून डॉ. जनार्दन वाघमारे सरांबद्दल लिहितो. त्यांचं नाव तुला माहीत आहे, पण क्रम माहीत नसावा.

सर इंग्रजीचे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्यावर त्यांनी मराठीत लिहिलं. मराठवाड्यात दलित साहित्य जोर धरत होतं, त्या काळात. राजर्षी शाहू महाविद्यालयाचे ते अनेक वर्षं प्राचार्य. ज्याला लोक 'लातूर पॅटर्न' म्हणतात त्याची सुरुवात तिथली. जादा तास, सारख्या चाचण्या, तपासलेला पेपर लेकराच्या हातात परत देऊन चूक कुठे झाली ते दाखवणं. शेतकऱ्याची पोरं बोर्डाच्या गुणवत्ता यादीत झळकू लागली. आता त्या नावावर शिकवण्यांची बाजारपेठ उभी आहे आणि कर्ज काढून फी भरणारे बाप मी रोज बघतो. त्याचा दोष मी त्या वर्गखोलीला देत नाही, पण पॅटर्न म्हटलं की मला हेही आठवतं.

१९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं. तारीख १७ सप्टेंबर, म्हणजे आपला मराठवाडा मुक्तिदिन. स्वामीजी स्वतः मास्तर, हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतले. पुढे निजामाशी लढले. नाव कसं नेमकं पडलं बघ. वाघमारे सर पहिले कुलगुरू. त्याआधी सगळा मराठवाडा औरंगाबादच्या विद्यापीठाखाली होता. उदगीर-निलंग्याच्या पोराला एका कागदासाठी रात्रीची एसटी धरायची, सकाळी स्टँडवरच्या नळावर तोंड धुवायचं, काम झालं नाही तर ओळखीच्या कुणाच्या खोलीवर मुक्काम. धोतराच्या सोग्यात भाड्याचे पैसे बांधून आलेले बापही असायचे सोबत. मुलींना तर घरून कुणी एकटं पाठवायचंच नाही. शिक्षण सुटायला तेवढं कारण पुरे. त्यात किल्लारीच्या भूकंपाला वर्षही झालं नव्हतं. पहिला कुलगुरू म्हणजे मांडलेल्या पाटावर जाऊन बसणं नव्हे. परीक्षा विभाग, अभ्यास मंडळं, इमारती, माणसं, सगळं नव्याने उभं करायचं.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. कुलगुरूपदाची मुदत संपल्यावर माणूस काय करतो? समित्या, व्याख्यानं, एखादा सत्कार, फार तर आत्मचरित्र. सर २००१ मध्ये लातूर नगरपालिकेच्या निवडणुकीला उभे राहिले. त्या वेळी नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडायचा होता. साठी उलटलेला माजी कुलगुरू गल्लीबोळांतून मतं मागतो आहे, ही गोष्ट तेव्हा कित्येकांना खटकली. पारावर, चहाच्या गाड्यावर एकच बोलणं: एवढ्या मोठ्या खुर्चीवर बसलेल्या माणसाने आता नाल्या बघायच्या का? लोकांनी मात्र त्यांना निवडून दिलं.

आणि गाव कुठलं, तर लातूर! मांजरा धरण भरलं तर नळाला पाणी, नाही भरलं तर घागरींची रांग. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा तू घरीच होतीस. टँकर आला की बादल्या घेऊन पळायचीस. सरांची मुदत त्याच्या बरीच आधीची, पण टंचाई काही त्या वर्षी जन्मली नव्हती. अशा गावाच्या नगराध्यक्षाकडे सकाळी दारात कोण येतं? शोधनिबंध घेऊन कुणी येत नाही. आमच्या गल्लीत आठ दिवस पाणी नाही, गटार तुंबलंय, दिवा गेलाय, हेच. २००८ मध्ये ते राज्यसभेवर गेले, २०१४ पर्यंत होते. लोक ओळख करून देताना 'माजी खासदार, माजी कुलगुरू' म्हणतात, नगराध्यक्षपद मध्ये गाळून टाकतात. मला उलट तेवढंच सांगावंसं वाटतं.

याचा अर्थ तूही सगळं अंगावर घे असा नाही. तुझ्याकडे तास जास्त आहेत, लेख अर्धा पडला आहे. त्या कारणाने नाही म्हणालीस तर माझी तक्रार नाही. प्राचार्यांना तसं लेखी दे. फक्त काम हलकं आहे म्हणून नको म्हणू नकोस.

आणि घेतलाच चार्ज, तर शिबिराचं गाव आधी एकदा एकटी जाऊन बघून ये. सरपंच हार घेऊन उभे असतीलच, पण त्याआधी अंगणवाडीच्या ताईंना भेट. पाणी कुठून येतं, कुठली वस्ती वगळली जाते, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. मुलींच्या मुक्कामाची खोली आणि संडास स्वतः उघडून बघ. जमलं तर मे महिन्यात नको म्हण, पोरं उन्हाने आडवी होतात.

आई विचारते, दिवाळीला नेमकी कधी येणार.

तुझे,
बाबा