एका उंच मुलीच्या प्रशिक्षकांना

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

माझ्या मुलीची बास्केटबॉल संघात पॉइंट गार्ड म्हणून, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ मांडणारी खेळाडू म्हणून, निवड झाल्याचे आपल्या कानावर आलेच असेल. तेव्हापासून अभिनंदनाचे फोन मला येत आहेत आणि प्रत्येक फोनवर मला थोडे ओशाळल्यासारखे होते. कारण तिला गार्ड म्हणून खेळवू नका, असा आग्रह धरून चार वर्षांपूर्वी आपल्याशी हुज्जत घालणारा माणूस मीच होतो.

ती आपल्याकडे आली तेव्हा तेरा वर्षांची होती आणि तिची उंची १७० सेंटिमीटर होती. त्याआधीच्या दोन वर्षांत तिला एवढेच शिकवले गेले होते, की रिंगखाली हात वर करून उभे राहायचे, रिबाउंड, म्हणजे नेम हुकून परतलेला चेंडू, घ्यायचा आणि तो हाती आला की तत्काळ गार्डच्या स्वाधीन करायचा. संघ जिंकत होता, घरात चषक येत होते, आणि तिला डाव्या हाताने चार पावलेही धड ड्रिबल करता, म्हणजे चेंडू आपटत नेता, येत नाही हे कोणाच्याच लक्षात येत नव्हते. त्या प्रशिक्षकांना तिची उंची हवी होती. पुढे त्या मुलीचे काय होणार, हा प्रश्न त्यांना पडला नाही. मलाही पडला नाही, हे मान्य करायला हवे.

मुलींची उंची साधारणपणे बाराव्या वर्षाच्या आसपास सर्वांत वेगाने वाढते आणि जिची वाढ लवकर होते तिची थांबतेही लवकर, ही साधी गोष्ट आपण मला पहिल्याच भेटीत सांगितली होती. मी ती कानाआड केली. आज मुलगी १७२ सेंटिमीटरवर थांबली आहे, त्या वेळी तिच्या खांद्याला लागणाऱ्या दोघी तिच्याहून उंच झाल्या आहेत, आणि केवळ सेंटर म्हणून, म्हणजे रिंगखाली खेळणारी म्हणून, घडलेल्या मुलीला या वयात कोणत्याच संघात जागा मिळाली नसती. मी वाद घालत राहिलो तेव्हा आपण मॅजिक जॉन्सन यांचे उदाहरण दिलेत: २०६ सेंटिमीटर उंचीचा पॉइंट गार्ड, जो १९८०च्या एनबीए या अमेरिकी व्यावसायिक स्पर्धेच्या अंतिम मालिकेतील सहाव्या सामन्यात संघातील जखमी सहकारी करीम अब्दुल-जब्बार यांच्या जागी सेंटर म्हणून उतरला आणि ज्याने ४२ गुण मिळवले. त्यावर, ‘आमची मुलगी मॅजिक जॉन्सन नाही,’ असे उत्तर मी दिले होते. आपण नुसते हसलात.

पण हे पत्र लिहिण्याचे खरे कारण तो एक सामना आहे. समोरच्या संघाने पूर्ण मैदानावर प्रेस लावली होती, म्हणजे चेंडू पुढे नेणाऱ्याला जागोजागी अडवले जात होते, आणि आपण चेंडू पुढे नेण्याचे काम तिच्यावर सोपवले होते. कधी चेंडू तिच्या पायावर आपटून बाहेर जाई, कधी कोणी तो अलगद हिसकावून घेई, तर कधी नियमाने मिळणारे आठ सेकंद संपले तरी मध्यरेषा ओलांडलेली नसे. प्रेक्षकांतून ‘त्या उंच मुलीला रिंगखाली पाठवा’ असा ओरडा होत होता, आणि त्यात माझाही आवाज होता. आपण तिला बाहेर काढले नाहीत. मांडीवरच्या वहीत मात्र दर थोड्या वेळाने एक रेघ ओढत होतात, आणि ती स्वतःच्या चुका मोजल्या जात आहेत अशा समजुतीने अधिकच गांगरत होती.

सामना आपण हरलो. ती भिंतीला टेकून, गुडघ्यांत तोंड खुपसून बसली होती. आपण तिच्याशेजारी फरशीवर बसलात आणि वहीचे ते पान फाडून तिच्या हातात दिलेत. त्यावर अकरा रेघा होत्या. चेंडू हातात असताना तिने जितक्या वेळा मान वर करून समोरचे मैदान पाहिले, तितक्या त्या रेघा होत्या. ‘पूर्वार्धात दोन, उत्तरार्धात नऊ,’ एवढेच बोलून आपण चेंडू गोळा करायला निघून गेलात.

मी काही अंतरावर उभा होतो. शंभर-दीडशे माणसे तिचे काय चुकते आहे हे पाहत असताना एकच माणूस, स्वतःच्या डोळ्यांदेखत सामना हातचा जात असतानाही, तिला काय जमू लागले आहे याची नोंद ठेवत होता. सभ्यपणा म्हणजे गोड बोलणे, असे मी तोवर समजत आलो होतो. आपण तर तिच्याशी गोड असे काहीच बोलला नव्हता. मुलांशी असे वागणारी माणसे थोडी असतात, आणि त्यांचे नाव कोणत्याही चषकावर कोरले जात नाही.

ते पान अजून तिच्या बुटांच्या पिशवीत आहे. घड्यांवर फाटले म्हणून तिने मागून चिकटपट्टी लावली आहे.

त्या दिवशी ओरडल्याबद्दल मी आपली क्षमा मागतो. हे समोर येऊन बोललो असतो, तर आपण नेहमीप्रमाणे तिच्या डाव्या हाताचा विषय काढून मला थांबवले असते, म्हणून लिहून कळवतो आहे.

आपला कृतज्ञ,
एका खेळाडूचा बाप