देवगांडुळाची ओळख करून देणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

मृगाच्या पावसात आमच्या शेणखताच्या ढिगात तो वळवळताना दिसला, त्या वेळी तुम्ही परसात नसतात तर काकांचं फावडं पडलंच असतं. काका म्हणाले, सापाचं पिल्लू. मला वाटलं, गांडूळ. तुम्ही हात ओले करून त्याला अलगद उचललंत आणि सांगितलंत की हा देवगांडूळ, बेडकाचा भाऊबंद.

पाय नाहीत, उड्या नाहीत, मग बेडकाचा भाऊबंद कसा? तुम्ही अर्धा तास आमच्याजवळ बसलात. गांडुळाला हाडं नसतात, याला पाठीचा कणा आहे, जबडा आहे. सापाचं अंग कोरडं आणि खवल्यांचं, याची कातडी ओली, बुळबुळीत. डोळा आणि नाकपुडी यांच्यामधली बारीकशी स्पर्शिका तुम्ही भिंगातून दाखवलीत. ती दुसऱ्या कुठल्याच प्राण्याला नसते, हे ऐकून मी पुन्हा भिंग मागितलं. 1758 साली सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या खुद्द लिनियसनेही देवगांडुळांना सापांत बसवलं होतं, हे तुम्ही सांगितल्यावर काकांचा चेहरा खुलला! आज बेडूक, सॅलॅमँडर आणि देवगांडूळ हे उभयचरांचे तीन गण मानतात.

वर्गीकरण मी शाळेत पाठ केलं होतं, ते कशासाठी असतं हे त्या दिवशी कळलं. साप म्हटलं की फावडं उठतं. उभयचर म्हटलं की न पाहिलेल्या गोष्टीही कळू लागतात: हा कातडीतूनही श्वास घेतो, म्हणजे ओल गेली की मरणार, आणि मातीत मारलेलं औषध थेट त्याच्या अंगात जाणार. बांधावर तणनाशक मारायचं आम्ही त्याच वर्षी सोडलं. काही जातींची मादी जमिनीखाली अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते, हे कळल्यापासून पावसाळ्यात तो ढीग उकरत नाही.

2003 साली आंबोलीतून एक आणि रत्नागिरीतल्या दोरले गावातून दुसरी, अशा देवगांडुळाच्या दोन नव्या जाती नोंदवल्या गेल्या, हेही तुमच्याकडूनच कळलं. इतकी वर्षं आम्ही याच मातीत राबतोय आणि त्यांना नावसुद्धा नव्हतं!

परवा केळीच्या बुंध्याशी आणखी एक निघाला. काकांनी आधी हात ओले केले, त्याला पलीकडच्या पाचोळ्यात सोडलं आणि मला म्हणाले, ताईंना कळव.

तुमचा आभारी,
वाडीतला एक बागायतदार