फोटो 'साफ' करण्याआधी म्हाताऱ्यांना दाखवा

महोदय,

उजनी धरणाचे पाणी खाली गेले की त्यात बुडालेले पळसदेवचे जुने देऊळ वर येते आणि त्याची छायाचित्रे छापून येतात. देऊळ सगळ्यांना ओळखू येते. त्याच्या पायऱ्यांवर बसणारी माणसे मात्र आता कोणाला ओळखू येईनाशी झाली आहेत, म्हणून हे पत्र.

आमच्या घरी एक काळा-पांढरा फोटो आहे. देवळापुढे चौदा माणसे. मागे वडिलांच्या हातचे पेन्सिलीतले दोनच शब्द, 'जुने गाव'. म्हणजे धरणामुळे गाव उठून हमरस्त्याकडे आल्यानंतर लिहिलेले. साल नाही. ते शोधायला मदत झाली डाव्या कडेची. तिथे एका माळवदाची भिंत जेमतेम दोन बोटे आली आहे आणि तिच्यावर कुटुंबनियोजनाचा उलटा त्रिकोण रंगवलेला दिसतो. ही खूण गावोगावच्या भिंतींवर आली साठच्या दशकाच्या उत्तरार्धात. धरण पूर्ण झाले १९८० साली. फोटो त्या दरम्यानचा.

गेल्या वर्षी पुतण्याने हौसेने तो मोबाइलवर 'साफ' केला, रंग भरले, कडा कापल्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲपवर टाकला. भिंत गेली, त्रिकोण गेला. तोच फोटो पुढे फिरत फिरत भलत्याच गावाच्या नावाने आमच्याकडे परत आला!

तो घेऊन मी भिगवणला आत्याकडे गेलो. तिचे वय शहाऐंशी. बराच वेळ बघून म्हणाली, "ही आपली माणसं न्हाईत." मग पिशवीतला मूळ फोटो काढून दिला. तिने चष्मा पुसला आणि मागच्या ओळीतल्या बाईवर बोट ठेवले. "ही चुलती माझी. हनुवटीवरचं गोंदण बघ की." तीन ठिपके. मोबाइलने ते डाग समजून पुसून टाकले होते.

त्या दुपारी आत्याने नऊ जण ओळखले. पुरुषांची नावे पटापट सांगितली. बायका मात्र 'अमक्याची आई', 'तमक्याची थोरली सून'. खोदून विचारल्यावर चुलतीचे माहेरचे नाव निघाले. आमच्या घरात ते कोणाला माहीत नव्हते. काठी धरलेल्या गृहस्थांना ती आजोबा म्हणाली. धाकटे काका म्हणतात, ते आजोबांचे भाऊ. मी दोन्ही लिहून ठेवले आहे, कोणी सांगितले आणि कधी तेही. एकाला विचारताना दुसऱ्याचे उत्तर आधी सांगू नये, हे मला तेव्हाच उमगले.

माझी विनंती अशी. इंदापूर, करमाळा, दौंड, कर्जत या तालुक्यांतल्या बुडालेल्या गावांचे असे फोटो पेट्यांत, देवघरामागे अजून असतील. आपण आठवड्याला एक छापावा. जसा आहे तसा, डागांसकट, कडांसकट. आणि वाचकांनी तो घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसापुढे धरावा. विशेषतः आजीपुढे.

आमच्या फोटोतली पाच माणसे अजून ओळखायची राहिली आहेत. त्यांतला मुंडासेवाला पलीकडच्या काठचा नावाडी होता, एवढे आत्याला आठवते. नाव आठवत नाही. करमाळ्याकडच्या कोणा घरी ते ठाऊक असेल, तर मूळ फोटो घेऊन मी स्वतः यायला तयार आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, ता. इंदापूर