तापवल्याने कण दुप्पट होत नाहीत

संपादक महोदय,

आपल्या विज्ञान पुरवणीतला दुधावरचा लेख आवडला. खटकलं ते एकच वाक्य : कच्च्या दुधातले प्रथिनांचे कण 100 नॅनोमीटरचे, तापवलेल्या दुधातले 200चे, म्हणजे तापवल्याने ते दुप्पट होतात. मी दुग्धप्रयोगशाळेत हेच कण मोजते, म्हणून राहवलं नाही. पहिला आकडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातला दिसतो, दुसरा लेझरचा. ते शेजारी ठेवायचे नसतात.

केसीन या दुधातल्या मुख्य प्रथिनाचे हे कण एकाच दुधात 50पासून 500 नॅनोमीटरपर्यंत सगळ्या मापांचे असतात. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण मोजला जातो आणि बारीक कणांची संख्या फार, म्हणून सरासरी खाली येते. लेझरच्या यंत्राला सुटा कण दिसतच नाही. लहान कण द्रवात चपळ, मोठे सुस्त. विखुरलेला प्रकाश किती भरभर लुकलुकतो, त्यावरून व्यासाचं गणित मांडतात. पण विखुरलेला प्रकाश ढोबळमानाने व्यासाच्या सहाव्या घातात वाढतो. दुप्पट व्यासाचा एक कण चौसष्ट धाकट्यांइतका उजळतो! मग मूठभर मोठे कण सरासरी वर ओढतात. नमुना तोच, आकडे दोन, आणि दोन्ही बरोबर.

तापवल्यावर निवळीतली, म्हणजे दुधाच्या पाण्यात विरघळलेली प्रथिनं कणांना चिकटतात हे खरं. पण दुधाची आम्लता नेहमीची असेल तर वाढ थोडकीच, फार तर काही दशक नॅनोमीटर.

खरी मेख नमुना तयार करण्यात आहे. स्निग्धांश आधी काढावा लागतो. त्याचे गोळे काही हजार नॅनोमीटरचे, ते राहिले तर बाकी सगळं झाकोळतं. पातळ करायला साधं पाणी घेतलं तर कण बांधून ठेवणारं कॅल्शियम फॉस्फेट विरघळू लागतं, आणि मोजायची वस्तूच बदलते. आम्ही दुधातूनच अतिसूक्ष्म गाळणीने काढलेलं हिरवट-पिवळं पाणी वापरतो : क्षार तेच, प्रथिनं नाहीत. फ्रीजमधला नमुना तसाच लावत नाही, कारण थंडीत बीटा-केसीन हा केसीनचा एक प्रकार कणातून सुटून बाहेर येतो. (धुळीचा एक कण सगळा आलेख बिघडवतो, ते दुखणं वेगळंच.)

तेव्हा असे आकडे छापताना पद्धत कोणती, सरासरी संख्येवरून की प्रकाशावरून आणि नमुना कशात पातळ केला, एवढं सोबत द्यावं. अर्धी ओळ पुरेल.

आपली,
एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ