नाथसागरावर विमान उतरवा, पण दिवसाउजेडी

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं, की नाथसागरावर, म्हणजे आपल्या जायकवाडी धरणाच्या पाण्यावर, सीप्लेन (पाण्यावर उतरणारं विमान) आणा, मुंबईचा पाहुणा ऑफिस सुटल्यावर बसला की रात्री जेवायला पैठणला, आणि धरणाच्या भिंतीवर लायटिंग केली तर विमान उतरताना बघायलाच गर्दी होईल म्हणे. पैठणला काहीतरी यावं असं वाटणारी माणसं अजून आहेत हे वाचून बरंच वाटलं, पण ते "रात्री" वाचलं अन् राहवलं नाही म्हणून लिहायलोय.

मी पैठण तालुक्यातलाच, मधी काही वर्षं मालदीवला एका रिसॉर्टच्या स्टोअरला कामाला होतो. तिथं गेस्ट सीप्लेननी यायचे, सामान जेटीवर उतरवून घ्यायला आम्हीच. अख्खा देश पाण्यात, सीप्लेनचा धंदा जगात सगळ्यात मोठा तिथला, आणि तरी दिवस मावळला की एक पण सीप्लेन उडत नाही. दुपारी चारनंतर ज्याचं मोठं विमान मालेला उतरलं तो कितीही पैसेवाला असू द्या, रात्र मालेतच काढायची नाहीतर जवळचं रिसॉर्ट असलं तर स्पीडबोटनी जायचं. लोकं फोनवर लई आरडाओरडा करायचे, कंपनीवाले ऐकून घ्यायचे पण विमान काही सोडायचे नाहीत. ज्यांची रोजीरोटीच ह्याच्यावर आहे ते रात्रीचं उतरत नसतील तर आपण कामून उतरवायचं?

कारण साधं आहे. रनवेला दोन्ही बाजूला लाइट असतात, जमीन किती खाली राहिली ते पायलटला त्याच्यावरून कळतं. पाण्यावर ते काहीच नाही. पाणी एकदम शांत असलं, आरशासारखं, तर भर दुपारी पण पायलटला कळत नाही की आपण पन्नास फुटावर आहोत का पाच फुटावर. मालदीवचे पायलट अशा वेळी मुद्दाम किनाऱ्याला किंवा जेटीला धरून यायचे, तिकडं बघून उंचीचा अंदाज घ्यायचे, नाक जरासं वर, इंजिनाचा थोडा जोर चालू ठेवून मिनिटाला दीडशे फूट वगैरे अशा बेतानं खाली येत राहायचं आणि पाणी लागेल तेव्हा लागेल. अंधारात जिना उतरताना शेवटची पायरी संपली समजून पाय टाकावा आणि अजून एक पायरी निघावी, तसलाच प्रकार, फक्त इथं स्पीड ताशी शंभराच्या आसपास असतो. रात्री उतरायचं म्हटलं तर हीच पद्धत, पण धरून यायला किनारा दिसत नाही. हेडलाइट लावा म्हणाल तर शांत पाण्यावर टाकलेला उजेड माघारी फिरून डोळ्यात येतच नाही, खाली नुसतं काळं.

त्यात आपलं नाथसागर. धरण अन् पैठणकडच्या बाजूला दिवे, मागं फुगवट्याकडं मैलोगणती काळोख. अशा काळोखावरून लांबच्या दिव्यांकडं येताना पायलटला आपण आहोत त्याच्यापेक्षा उंच आहोत असं वाटतं, मग तो अजून खाली घेतो. वर चांदण्या, खाली होडीतल्या बॅटऱ्या, आभाळ कुठं संपलं अन् पाणी कुठं सुरू झालं तेच कळंना होतं.

आणि होड्या. आमच्याकडं मच्छीमार कशावर जातात ते त्या वाचकांनी एकदा पहाटं येऊन बघावं. थर्माकोलचे तुकडे पोत्यात शिवून केलेला तराफा, नाहीतर ट्यूब, त्याच्यावर एक माणूस उकिडवा बसलेला, हातात वल्हं म्हणून फळी. बॅटरी असली तर असली, तीपण मासे काढायच्या वेळीच लावणार. जाळी संध्याकाळी टाकायची अन् पहाटं उचलायची, म्हणजे ज्या वेळी विमान आणायचं म्हणायलेत त्याच वेळी तो माणूस पाण्यात. पाणी उतरलं की शेतकऱ्यांच्या मोटारी, पाइप, केबली पाण्यामागं सरकत आत जातात, बुडालेल्या गावांच्या भिंती अन् देवळं वर यायला लागतात. ऑक्टोबरात जिथं मोकळं पाणी तिथं मे महिन्यात काय असेल सांगता येत नाही. विमानाला पाण्यावर ब्रेक नसतो हे पण लक्षात घ्या.

मोकळी वाट म्हणजे काय हे आपल्या भागाला नव्यानं सांगायची गरज नाही. 26 एप्रिल 1993 ला चिकलठाणा विमानतळावरून उडालेलं विमान बीड रोडवर कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला धडकलं, 55 माणसं गेली. दुपारी एकच्या सुमारास, लख्ख उन्हात, एवढा मोठा ट्रक. थर्माकोलवरचा माणूस रात्री कुणाला दिसणार?

काही जण म्हणतील चाकवालं आणा, पाण्यावर पण उतरतं अन् रनवेवर पण. बरोबर आहे, आणायचं तर तेच आणा, कारण उशीर झाला तर सरळ चिकलठाण्याला नेता येतं. पण पाण्यावर उतरताना चाकं वरच पाहिजेत. खाली राहिली तर पाणी चाकांना धरतं अन् विमान नाकावर पलटी होतं. दिवसा खिडकीतून नाहीतर आरशात चाकं बघून खात्री करता येते, अंधारात पायलटसमोरच्या चाकांच्या लाइटवरच भरवसा. पलटी झालं की आतली माणसं पट्ट्याला उलटी लटकलेली, दार कुठल्या बाजूला तेच उमगत नाही. मालदीवला गेस्टना आधीच सांगायचे, लाइफ जॅकेट आत फुगवू नका, बाहेर निघाल्यावरच फुगवा, नाहीतर तरंगून छताला, म्हणजे आता जो तळ वर आलाय त्याला, चिकटून राहाल. दिवसा हे ध्यानात ठेवणं अवघड, रात्री तर विचारूच नका.

गुजरातेत साबरमतीवरून केवडियाला 31 ऑक्टोबर 2020 ला सीप्लेन सुरू झालं, ते विमान पण मालदीवहूनच आणलेलं, एप्रिल 2021 ला बंद पडलं. तेव्हा आपल्याकडं सुरू झालं तरी चालेल का हा वेगळा प्रश्न, 1986 पासून नाथसागर पक्षी अभयारण्य आहे, संध्याकाळी थवेच्या थवे उठतात, तो पण वेगळा.

खरा धोका कुणी मुद्दाम रात्री उतरेल ह्याचा नाहीच. डिसेंबरात आपल्याकडं सहाच्या आतच दिवस मावळतो, मुंबईहून यायला तासाच्या वर लागणार, तिथं अर्धा तास लेट झालं की पायलट धरणावर येईपर्यंत तिन्हीसांजेचा अंधार, आणि मागं बसलेले व्हीआयपी म्हणणार उतरवा की आता, हे काय समोर दिसायलंय. म्हणून आधीच लिहून ठेवा, मुंबईहून शेवटचं विमान किती वाजता सुटणार, हिवाळ्यात वेगळी वेळ अन् उन्हाळ्यात वेगळी, आणि ती वेळ गेली की चिकलठाणा, मग आत मंत्री असो का कुणी. वाटेतल्या गावच्या मच्छीमार सोसायट्यांना विचारल्याशिवाय पाण्यावर पट्टा आखू नका.

त्या वाचकांनी ह्याला उत्तर दिलं तर जरूर छापा. पाण्यात लाइटवाल्या बोया टाकू असं ते म्हणतीलच, तर त्याचा खर्च कोण करणार, पाणी खालीवर झालं की त्या हलवणार कोण अन् सोलर दिवे चोरीला गेले की परत बसवणार कोण, एवढं पण त्यात लिहायला सांगा.

आपला,
एक वाचक, ता. पैठण